चहाचा फटका

सड्यावरच्या त्या खेळाला गोल्फ म्हणायचं, कारण खेळणारे तसं म्हणत. लोटे गावच्या कारखान्यांमागे कंपनीची कॉलनी जिथे संपते, तिथून वर चढलं की मैलभर नुसता कातळ, तोच सडा. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत. दिवाळीनंतर ते कापून नेलं की खाली उरतो जांभा दगड, तव्यासारखा काळा पडलेला. गोल्फला हिरवळ लागते म्हणतात. इथे हिरवं म्हणाल तर कडेची काजीची, म्हणजे काजूची, झाडं आणि पलीकडे अनिलभाऊंची आंब्याची बाग, आणि बागेत बॉल गेला की तो गेलाच. म्हणून जिथे बॉल भोकात घालायचा, तिथे तांबडी माती आणून, चोपून, शेणाने सारवून खळी केली होती, भाताच्या झोडणीला करतात तशीच. सहा खळी. प्रत्येकात रंगाचा रिकामा डबा पुरलेला आणि शेजारी बांबूला फडकं.

हे सगळं गोपाळकृष्ण जोगळेकरांचं, म्हणजे अण्णांचं. अलोऱ्याला कोयना प्रकल्पावर इंजिनियर असताना एका बदलून गेलेल्या साहेबाने त्यांना काठ्यांची जुनी पिशवी देऊन टाकली होती. निवृत्तीनंतर अण्णांनी ती माळ्यावरून खाली काढली आणि रविवारी सकाळी सात ते दहा असा डाव सुरू केला. डाव वाढला, आठ-दहा जण झाले, त्याला लीग म्हणू लागले.

नियमही अण्णांचेच, आणि ते असे सैल की खऱ्या गोल्फवाल्याला झीट यावी. बॉल कातळावर बसला तर हाताने उचलून मातीत ठेवायचा. त्यात पाप नाही, काठी मोडली तर पाप. गुरं आडवी आली तर मान गुरांचा. बॉल डब्यापासून काठीभर अंतरावर येऊन थांबला की बाकीच्यांनी म्हणायचं, "दिलं!" आणि खेळणाऱ्याने तो उचलून घ्यायचा, मात्र आपण होऊन "द्या" म्हणायचं नाही. आपला आकडा आपण सांगायचा, आणि दुसऱ्याने "खरंच का रे?" असं विचारायचं नाही. विचारलंत की त्या दिवसापुरते घरी. चौथं खळं टेकाडाच्या पलीकडे, इथून दिसत नाही. तर तिथे आधी एकाने वर जाऊन पलीकडे कोणी नाही ना ते बघून यायचं. आणि सगळ्यांचा लाडका नियम चहाचा. डावात एकदा, फटका वाईट गेला तर तो मारलाच नव्हता असं धरून दुसरा मारायचा. ज्याने मारला, त्याने शेवटी सगळ्यांना चहा पाजायचा. त्याला चहाचा फटका म्हणत.

सड्यावरच्या शेडमध्ये टांगलेला नियमांचा पुठ्ठा नेत्राच्या हातचा. तिचं अक्षर चांगलं, म्हणून अण्णांनी तिच्याकडून लिहून घेतला होता. नेत्रा सर्वेशची बायको, आणि सर्वेश जयगडच्या गुणाजी तांडेलाचा मुलगा. बापाच्या होडीवर भिजत शिकला, लोट्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनियर झाला. कॉलनीत तो दोन वर्षं नुसता 'बी शिफ्टवाला' होता. मग एकदा अण्णांनी रस्त्यात थांबवून त्याचे खांदे चाचपले. "वल्ही मारलेले खांदे आहेत रे हे. ये उद्या सड्यावर." त्या रविवारपासून लोक त्याला नावाने हाक मारू लागले. ते त्याला किती आवडतं, हे नेत्राला त्याच्या चपला काढण्याच्या पद्धतीवरूनही कळायचं.

बॉल सगळ्यांचे पांढरेच. ज्याची त्याची खूण असायची. अण्णांची काळी रेघ, अनिलभाऊंची हिरवी फुली. सर्वेशच्या बॉलवर नेत्रा आपल्या लाल नेलपॉलिशने ठिपके द्यायची. लग्नानंतर दोन. आरोही झाल्यावर तीन.

त्या शनिवारी ती मागच्या ओट्यावर बसून हेच करत होती. पाच महिन्यांची आरोही न्हाणीघरात गंगाकाकूंच्या लांब केलेल्या पायांवर पालथी पडून किंचाळत होती. गंगाकाकू खालच्या वाडीतल्या. कॉलनीतल्या चार घरी बाळं न्हाऊ-माखू घालायच्या. हात असे की रडणारं पोर तिसऱ्या तांब्याला जांभई द्यायचं.

"काय गो बाय, कित्ती रडशील? पानी कडक नाय, तुजी आयस कडक हाय," गंगाकाकू म्हणाल्या. मग दारातून मान काढून, "वयनी, ह्ये काय? बॉलाला पन कुंकू लावताय?"

"खूण आहे काकू. आमची तिघांची."

"मंग माजा बी एक लावा की. पोर काय तुमी दोघांनीच वाढवलीत?"

नेत्रा हसली. "पुढच्या खेपेला लावते. बरं काकू, न्हाल्यावरच्या धुरीच्या शेणी संपल्या हो. आज कशाबशा दोन आहेत."

"उंद्या ऐतवार. सकाळच्यान सड्यावर जाते नि रानशेणी आणते हाराभर, टोपली भरून. गाय चरताना टाकते ना, ती सुकलेली बरी धुरीला."

"उद्या खेळ असतो वर."

"म्या काजींच्या कडेकडेने जाते. मला काय करायचाय त्यांचा खेळ?"

हे बोलणं नेत्राला पुढे शब्दन् शब्द आठवत राहिलं. विशेषतः ते 'संपल्या हो'.

रविवारी सव्वानऊला अनिलभाऊंची जीप दारात येऊन उभी राहिली. सर्वेश उतरला तो धावतच आत आला. "टॉवेल दे. दोन-तीन दे. गंगाकाकूंना लागलंय."

"काय लागलं? कुठे?"

"डोळ्याला. फांदी लागली," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन गेला. नेत्रा आरोहीला घेऊन बाहेर येईपर्यंत जीप वळली होती. मागच्या सीटवर अण्णांच्या खांद्यावर एक डोकं टेकलेलं तिला दिसलं, पदराने झाकलेलं. पदर फिकट पिवळा होता, नेत्रानेच दिवाळीला दिलेल्या साडीचा.

चिपळूणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही अनिलभाऊंनी तेच सांगितलं, काजीची फांदी लागली. गंगाकाकूंनी मान डोलावली. डोळा वाचला नाही.

माणुसकीत कोणी कमी पडलं असं नाही म्हणता येणार. खर्च सगळ्यांनी मिळून केला. जीप रोज जायची. अण्णा तर थर्मास घेऊन खाटेशी बसून राहत. लीगने दोन रविवार डाव ठेवला नाही. तिसऱ्या रविवारी ठेवला, मन हलकं व्हावं म्हणून. फांदी नव्हती, बॉल होता, हे कॉलनीत हळूहळू सगळ्यांना कळलं. कुणाचा, ते कोणी विचारलं नाही. चौथ्या खळ्यावर त्या सकाळी तिघांनी फटके मारले होते, अनिलभाऊंनी, अण्णांनी आणि सर्वेशने. एवढं कळल्यावर लोक थांबत. तिथून पुढे विचारण्याची रीत नव्हती.

नेत्राने एकदा विचारलं. सर्वेश ताटातून मान वर न करता म्हणाला, "काय माहीत. बॉल सापडलाच नाही." तो त्या महिन्यात झोपेत दात खायचा. त्याने आरोहीला फार वेळ घेणं सोडलं होतं. दोन मिनिटांत "भूक लागली असेल तिला" म्हणून परत द्यायचा.

महिन्याने गंगाकाकू उभ्या राहायला लागल्या. पण कॉलनीतल्या बाकीच्या तिन्ही घरांनी दुसरी बाई बघितली होती. भार्गवी शेजारची, स्वभावाने वाईट नाही, ती नेत्राला म्हणाली, "वाईट वाटतं गं. पण तेलाचं अंग, कढत पाणी, आणि एका डोळ्याने... आपलं पोर आहे शेवटी."

सर्वेशही तेच म्हणाला. "तू पण बघ ना दुसरी कोणी. काकूंना आपण दुसरं काहीतरी देऊ. भांड्यांचं वगैरे."

"तुला भीती वाटते, त्यांच्या हातून आरोही सुटेल?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

नेत्राने त्याच दिवशी खालच्या वाडीत जाऊन काकूंना बोलावलं.

गंगाकाकू आल्या त्या भिंतीला हात लावत. डाव्या डोळ्याच्या जागी पापणी आत बसलेली, शिवलेल्या खिशासारखी. आरोही आधी त्यांच्याकडे बघून थिजली, मग तिने त्यांचं नाक पकडलं. गंगाकाकू पाट सरकवून बसल्या. तांब्या उचलताना त्यांचा हात बादलीच्या कडेवर एकदा आपटला, दुसऱ्या खेपेला बरोबर पाण्यात गेला. मग त्यांनी पाणी आधी आपल्या मनगटावर घेतलं, मग पोटरीवर, मग पोरीच्या पाठीवर. पूर्वी त्या नुसतं एक बोट बुडवायच्या. नेत्रा दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं आपण घाबरू. ती घाबरली नाही, तिला नुसतं रडू येत होतं.

अंग पुसून झाल्यावर काकूंनी पिशवीत हात घातला आणि एक पांढरा बॉल काढून आरोहीच्या मुठीत दिला.

"घे बाय. खेळ."

"हा कुठला काकू?"

"मला लागला त्यो ह्यो. मांडीखाली पडला व्हता. टाकून तरी काय करू? पोर खेळंल."

आरोहीने तो तोंडात घातला. नेत्राने काढून घेतला, पदराला पुसला. बॉलवर तीन लाल ठिपके होते. एका ठिपक्याची कड थोडी ओघळलेली होती, त्या दिवशी बोलता बोलता हात हलला होता तिचा.

काकू टॉवेल पिळत होत्या. त्यांची पाठ होती. "धुरी कशाची देऊ वयनी? शेणी नायत."

"राहू दे आज," नेत्रा म्हणाली.

संध्याकाळी सर्वेश कामावरून आला तेव्हा बॉल टीपॉयवर होता. त्याने तो बघितला आणि बूटही न काढता खुर्चीत बसला.

"तुला माहीत होतं," नेत्रा म्हणाली.

तो बॉलकडे बघतच बोलला. "अनिलभाऊ वर जाऊन बघून आले होते. कोणी नव्हतं. मग मी मारला, तो वाकडा जाऊन बागेत. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, तांडेल, होडी वळली तुझी. मग मी चहाचा मारला. परत कोण बघतंय वर जाऊन? एकदा बघितलं होतं ना. असा लागला ना नेत्रा, असा कधी लागला नव्हता. सरळ टेकाडावरून. अण्णा म्हणाले, वा! आणि मग ती ओरडली."

"ऐकू आलं?"

"सगळ्यांना आलं. अनिलभाऊ म्हणाले, मोर. मग त्यांनी मारला. मग अण्णांनी मारला."

"आणि तू?"

"मी म्हटलं, हो, मोर."

सड्यावर मोर आहेत, नाहीत असं नाही. नेत्राला सासऱ्यांचं एक बोलणं आठवलं. गुणाजी आरोहीच्या बारशाला आले होते तेव्हा समुद्राच्या गोष्टी सांगताना म्हणाले होते, जाळं सोडताना दोरीच्या फासात कोणाचा पाय हाय तां आधी बघायचां. ओरडला म्हणून मागं बघितलं तर पाय नसतो. त्या वेळी सगळे हसले होते. सर्वेशही.

"काकूंना सांग," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाने. मला बाकी काही नको."

"त्यांना कळून काय होणार?"

"त्यांचं तीन घरांचं काम बंद झालं. आणि चौथ्या घरातून तू काढायला निघाला होतास."

तो उठला आणि बाहेर गेला. नेत्राला वाटलं, खालच्या वाडीत गेला. अर्ध्या तासाने परत आला तो हलका होऊन. खूप दिवसांनी त्याचे खांदे खाली आले होते.

"सांगून टाकलं," तो म्हणाला. "अण्णांना सांगितलं. अनिलभाऊ पण होते तिथे. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं गं. म्हणाले, कुणाचाही असता. माझाही असता. म्हणाले, दिलं रे, आता तो विषय काढायचा नाही."

"दिलं?"

"हो."

"डोळा अण्णांचा गेला का?" नेत्राने विचारलं.

त्यावर तो आत गेला आणि आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः आले. बगलेत नियमांचा पुठ्ठा. सत्तरी उलटलेला, स्वच्छ सदऱ्यातला, दारातच चपला नीट जोडून ठेवणारा माणूस. आरोहीच्या गालाला हात लावून ते बसले.

"नेत्रा, एक ओळ वाढवायची आहे बाळ. तुझ्या अक्षरात. 'चौथ्यावर प्रत्येक फटक्याआधी टेकाडावर जाऊन बघणे. चहाचा फटकाही त्यात धरावा.' माझंच चुकलं. पहिल्यापासून लिहायला हवं होतं."

"लिहिते. पण आधी सर्वेशने काकूंना सांगायला हवं."

अण्णांनी चष्मा काढला. "त्या बाईच्या मनात आज फांदी नाही तर बॉल आहे. बॉलचा राग येत नाही माणसाला. नाव कळलं की आयुष्यभर राग सांभाळत बसेल. आणि ती तुमच्याच घरात येते. कशाला तिच्या डोक्याला ताप?"

"तिच्या की आपल्या, अण्णा?"

"असं बोलू नये."

"ती ओरडली ते तुम्हालाही ऐकू आलं होतं ना?"

अण्णांनी चष्मा खिशात घातला. मग पुठ्ठा टीपॉयवर ठेवून उठले. चपला घालताना त्यांचा हात भिंतीवर चाचपडत होता, काकूंसारखाच. नेत्राला त्यांची दया आली, आणि आपल्याला दया आली याचा रागही आला. पुठ्ठा तिने कपाटावर टाकला.

तीन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. चौथ्या दिवशी सर्वेशची पहिली पाळी नव्हती, जनरल शिफ्ट होती, साडेआठची बस. आठला गंगाकाकू आल्या. आरोहीला पायांवर घेतलं, तेल जिरवलं, पहिला तांब्या ओतला. सर्वेश कंपनीच्या निळ्या शर्टात, डबा हातात घेऊन, न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहिला. नेत्रा ओट्यावर होती.

"काकू," तो म्हणाला. "तो बॉल माझा होता."

गंगाकाकूंचा हात थांबला नाही. भिजलेलं पोर पायांवर असताना हात थांबवता येत नाही. त्यांनी आरोहीच्या मानेखाली पंजा घातला, डोक्यावरून पाणी सोडलं.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"हास्पिटलात. दोनी डोळ्यांना पट्टी व्हती, तवा बॉल हातात घेऊन पडलेली असायची मी. ठिपके बोटाला लागतात. उंच असतात. तीन." त्यांनी साबण उचलला. "रंग मागनं बघितला."

"मग बोलला का नाहीत?" हे नेत्राने विचारलं.

"म्या का बोलायचां? मारलाय त्यांनी, बोलायचां त्यांनी. म्हनून तर बॉल पोरीला दिला. म्हटलां, घरात पडेल, कुनाच्या तरी पायाला लागंल."

सर्वेश खाली बसला. उंबऱ्यावरच, पाणी होतं तिथे. "काकू, मुद्दाम नाही हो... आधी बघितलं होतं, कोणी नव्हतं."

"म्या काजीतनं भायर आले तवा हसायला लागलेले ऐकू आले तुमी. म्हटलां, झाला असंल ह्यांचा मारून." काकूंनी आरोहीला उताणी केलं. "दोन डाव मारलात ना?"

"हो. पहिला वाईट गेला. आमच्यात एकदा परत मारता येतो."

"एकदा परत," गंगाकाकू म्हणाल्या. त्यांनी ते दोन शब्द तोंडात फिरवून बघितल्यासारखे केले. मग पुढचा तांब्या ओतला.

बाहेर कंपनीच्या बसचा भोंगा वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा. सर्वेश हलला नाही. बस गेली.

"माफ करा काकू."

"तां नाय जमायचां, सायब." त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, बाजारात मासे संपले म्हणून सांगावं तशा. "पोरीला न्हाऊ घालीन. तां येगळां. तिने काय केलान? पन तुमाला माफ करायला माज्याकडं काय ऱ्हायलंय? सुईत दोरा जात नाय. भात निवडताना खडा दिसत नाय. उतार हाय का खड्डा, तां पाय टाकल्यावर कळतां."

त्यांनी आरोहीला पंच्यात गुंडाळून नेत्राच्या हातात दिलं. मग भिंतीला धरून उठल्या.

"शेणी नायत घरात. महिना झाला, पोरीला धुरी नाय. माजा हारा तिथंच ऱ्हायला त्या दिवशी. मला आता सड्यावर जायला व्हत नाय. तुमी जा."

"आणतो. आज संध्याकाळीच..."

"ऐतवारी जायचां. सकाळी. म्या गेल्ते तवाच. नि चौथ्या खळ्याच्या पलीकडं, काजीच्या कडेला. हाराभर आणायच्या. गडी पाठवायचा नाय."

"या रविवारी जातो."

"दर ऐतवारी," गंगाकाकू म्हणाल्या. "पोर चालायला लागंपरेंत."

त्या रविवारी सर्वेश सात वाजता निघाला. काठ्यांची पिशवी कोपऱ्यात तशीच होती. नेत्राने त्याला नवा हारा दिला. तासाभराने तिने आरोहीला ओढणीने पोटाशी बांधलं आणि तीही वर चढली. तो खरंच तिथे असेल ना, हे तिला बघायचं होतं. खोटं का बोला, तिला खात्री नव्हती.

टेकाडावर पोचली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. पलीकडे, काजीच्या कडेला, सर्वेश वाकून चालत होता. कातळावर सुकलेल्या शेणी कुठे भरपूर असतात, कुठे शंभर पावलांत एक नसते. आणि त्या महिन्यात गुरं तिकडे फारशी फिरकली नव्हती. तो वाके, एक उचले, हाऱ्यात टाके, पुढे जाई. नेत्रा एका चिऱ्यावर बसली.

अलीकडून माणसांचे आवाज आले. लीग तिसरं खळं संपवून चौथ्याला येत होती. अनिलभाऊ एकटे चढून वर आले. पुठ्ठ्यावर ओळ चढली नव्हती तरी आता बघून जात असावेत. धापा टाकत उभे राहिले, नेत्राकडे बघितलं, मग पलीकडे.

"सर्वेश ना तो? काय करतोय?"

"शेणी गोळा करतोय."

"त्याला म्हणावं जरा बाजूला हो. दोन फटके आहेत आमचे." मग त्यांना ती जागा ओळखू आली. आवाज उतरला. "बरं, थांबतो आम्ही. किती वेळ लागेल?"

"हारा भरेपर्यंत."

"माझा गडी देतो खालून. दहा मिनिटांत भरेल."

"गडी चालत नाही, अनिलभाऊ."

अनिलभाऊंनी टोपी काढून परत घातली आणि खाली उतरून गेले. टेकाडाखाली पाच-सहा जण काठ्यांवर हात ठेवून उभे होते. त्यांच्यात थोडी कुजबुज झाली. अण्णांनी वर, नेत्राच्या दिशेने एकदा बघितलं. मग ते वळले, आणि त्यांच्यामागोमाग सगळे. चौथं सोडून पाचव्याकडे निघाले. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

पलीकडे सर्वेश एका काजीपाशी थांबला होता. त्याच्या पायाशी जुना हारा कलंडलेला होता, गंगाकाकूंचा. महिनाभर ऊन खाऊन त्याचा कामट्यांचा काठ उसवला होता. त्याच्याभोवती चार-पाच शेणी पसरलेल्या, वाळवीने आतून पोखरलेल्या. त्याने एक उचलली तर ती हातातच माती झाली. तो तसाच उकिडवा बसून राहिला, हात मांड्यांवर टाकून.

आरोही जागी झाली आणि भुकेने कण्हायला लागली. नेत्राने तिला ओढणीखाली घेतलं. उन्हाचा चटका चिऱ्यातून वर येत होता. तिला त्याला हाक मारावीशी वाटली, पुरे झालं, चल, असं म्हणावंसं वाटलं. तोंडाशी आलेलं तिने गिळलं. ते तिने म्हणायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो उठला, हात झाडले आणि वाकून पुन्हा चालायला लागला. हारा अजून अर्धाही भरला नव्हता.